घरचं पिनबॉल कॅबिनेट: टेबल ताणताना या चुका टाळा

सुताराकडून कॅबिनेट करून घेतलं, टीव्ही उभा बसवला, व्हिज्युअल पिनबॉल हे संगणकावर पिनबॉलची टेबलं चालवणारं सॉफ्टवेअर सुरू केलं, तर टेबलाच्या कडेला काळ्या पट्ट्या! मग हात थेट टेबल ताणणाऱ्या स्केलच्या आकड्यांकडे जातो आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

टेबलाला हात लावण्याआधी टीव्ही बघा. बरेच टीव्ही चित्राच्या कडा कापून दाखवतात. मेनूत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असं काही असेल ते निवडा. विंडोजचं डिस्प्ले स्केलिंग १०० टक्क्यांवर आणा. फोर-के टीव्हीवर ते आपोआप वाढलेलं असतं आणि मग बॅकग्लास, म्हणजे मागच्या उभ्या स्क्रीनवरचं चित्र, भलतीकडेच जाऊन बसतो.

आता खरं दुखणं. बॅली-विल्यम्स कंपनीच्या नेहमीच्या मशीनचं प्लेफील्ड, म्हणजे बॉल फिरतो ती फळी, २०.२५ इंच रुंद आणि ४२ ते ४६ इंच लांब, म्हणजे रुंदीच्या दुपटीहून थोडं लांबच. टीव्ही १६:९, पावणेदोन पटीच्या जेमतेम वर. दोघांचं माप जुळणारच नाही, हे आधी मान्य करा. काही जण एडिटर उघडून टेबलातल्या वस्तूच मोठ्या करतात. असं मुळीच करू नका. बॉल तेवढाच राहतो, बॉल उडवणाऱ्या फ्लिपरमधली फट आणि रॅम्पचं तोंड मात्र बदलतं, आणि कालपर्यंत बसणारा शॉट आज बसत नाही. बदलायचा तो कॅमेरा. व्हीपीएक्स (व्हिज्युअल पिनबॉल एक्स) १०.७ मध्ये टेबल चालू असताना एफ६ दाबा. आधी इन्क्लिनेशन (कॅमेऱ्याचा कल), एफओव्ही (दृश्याचा कोन) आणि लेबॅक (टेबल मागे कललेलं दिसणं) जमवा, स्केल त्यानंतर, ऑफसेट (चित्र सरकवणं) सगळ्यात शेवटी. एफओव्ही फार वाढवला की टेबलाचं वरचं टोक चिंचोळं होतं. स्केलचे एक्स-वाय (रुंदी-लांबी) वाढवून झेड (उंची) तसाच ठेवला तर रॅम्प बुटके दिसतात.

ताण जास्त झाला का, हे बघायला दहाचं नाणं घ्या. त्याचा व्यास २७ मिलिमीटर, पिनबॉलच्या बॉलचाही तेवढाच. बॉल सुरुवातीला ढकलणाऱ्या प्लंजरसमोर थांबलेला असताना नाणं काचेवर त्याच्या शेजारी धरा. ४३ इंची टीव्हीची आडवी बाजू साधारण साडेत्रेपन्न सेंटीमीटर, म्हणजे जवळपास खऱ्या प्लेफील्डच्या रुंदीएवढी भरते, म्हणून खालच्या टोकाला बॉल नाण्याएवढाच दिसायला हवा. ३२ इंचीवर तो लहान दिसणार, त्याची काळजी नको. गोल आहे ना, एवढंच बघा. मात्र त्याआधी बॉलचं अँटी-स्ट्रेच बंद करा. ते चालू असलं की टेबल कितीही ताणलेलं असो, बॉल गोलच दिसतो आणि आपण फसतो.

जमलेली मापं एक्स्पोर्ट करून पीओव्ही (कॅमेऱ्याच्या मापांच्या) फाइलमध्ये ठेवा. फाइलचं नाव टेबलाच्या नावाशी तंतोतंत जुळायला हवं. टेबलाची नवी आवृत्ती उतरवली, नाव बदललं, की मेहनत गेली असं वाटतं. जुन्या फाइलला नवं नाव द्या, झालं.

उरल्या आपल्याकडच्या दोन गोष्टी. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा चाळिशी ओलांडतो, बंद पेटीत ग्राफिक्स कार्ड तापून मंदावतं आणि बॉल अडखळतो. स्केलला दोष देऊ नका, मागे एक्झॉस्ट पंखा बसवा. दुसरी गोष्ट, लाईट जाऊन आली की संगणक टीव्हीच्या आधी जागा होतो, स्क्रीनचा क्रम उलटतो आणि बॅकग्लास प्लेफील्डवर येऊन आदळतो. अशा वेळी काहीही नव्यानं जुळवत बसू नका; सगळं बंद करा, आधी टीव्ही लावा, मग संगणक.