एअर रायफलसाठी छर्रा निवडताना

छर्ऱ्यांची डबी हातात घेतली की उलटी करा. मागच्या चिकटपट्टीवर तीन गोष्टी छापलेल्या असतात: वजन, डोक्याचा व्यास आणि लॉट नंबर, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक. दुकानात आईबाप ब्रँड विचारतात, भाव विचारतात आणि डबी पिशवीत टाकतात. त्या तीन आकड्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि माझा सगळा जीव त्या तिसऱ्या आकड्यात आहे.

मी अंबाझरीच्या आयुध निर्माणीत तपासणी विभागात नोकरी केली. गेज, व्हर्नियर आणि लॉट यांच्यात उमर गेली. आता आमच्याकडच्या एका शाळेच्या दहा मीटर रेंजवर पोट्ट्यांना मदत करतो. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, कांस्य जिंकलं, तेव्हापासून नागपुरातही रायफल धरायची हौस वाढलेली मी पाहतो. पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काका, कोणता छर्रा घ्यायचा?"

उत्तर तुमच्या नळीकडे आहे. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली शेजारी ठेवा, एकीला ४.४९ मिलिमीटर डोक्याचा छर्रा मानवतो, दुसरीला ४.५०. नळी आतून ४.५ मिलिमीटरची म्हणतात, पण शेवटचा शतांश प्रत्येक नळीचा आपापला असतो. डोकं सैल बसलं तर छर्रा आट्यांवर, म्हणजे नळीतल्या पीळदार खाचांवर, नीट टेकत नाही, जास्त घट्ट बसला तर शिसं चेपून निघतं. म्हणून मैत्रिणीच्या रायफलीत जे चाललं ते तुमच्या मुलीच्या रायफलीत चालेलच असं नाही.

आकार आधी समजून घ्या. मॅचचा छर्रा सपाट डोक्याचा असतो, कंबर बारीक आणि मागे पोकळ घागरा. सपाट डोकं कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतं, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाही. मागचा घागरा हवेच्या दाबानं फुगून आट्यांना घट्ट बसतो. टोकदार किंवा गोल डोक्याचे छर्रे दहा मीटरच्या नेमबाजीसाठी घेऊ नका, दुकानदार कितीही आग्रह करो. वजनात रायफलसाठी ०.५३ ग्रॅम, म्हणजे ८.२ ग्रेनच्या आसपासचे छर्रे सर्वात जास्त वापरले जातात. पिस्तुलासाठी थोडे हलके, ०.४५ ते ०.४९ ग्रॅमचे.

आता गुणांचा हिशोब, कारण किती खर्च करायचा ते यावरच ठरतं. रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा, भोकाची कड त्याला टेकली की दहा, आणि अगदी मधोमध लागलं तर १०.९. एकेका वर्तुळाची त्रिज्या अडीच मिलिमीटरने वाढते, म्हणजे गुणाचा एक दशांश पाव मिलिमीटरला पडतो. छर्रा केंद्रापासून एक मिलिमीटर सरकला तर १०.६, दोन मिलिमीटर सरकला तर १०.२. पोरीनं श्वास, ट्रिगर, नजर सगळं बिनचूक केलं आणि छर्राच दोन मिलिमीटर बाजूला गेला तर तिचे सात दशांश गेले, तिचा दोष नसताना. मॅच ६० गोळ्यांची असते. हे मला फार लागतं, म्हणून एवढं लिहितो आहे.

पिस्तुलवाल्यांनी मात्र निवांत राहावं. त्यांच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, छर्ऱ्याचं केंद्र आठ मिलिमीटरच्या आत आलं तरी दहा मिळतात, आणि पात्रता फेरीत दशांश मोजतच नाहीत. चांगल्या ब्रँडचा हलका मॅच छर्रा घ्या आणि उरलेला पैसा सरावावर लावा. रायफलच्या नवशिक्या मुलांनाही हेच सांगतो. ज्याचा ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या भोकांचा झुबका, अजून दोन रुपयांच्या नाण्याएवढा आहे, त्याच्यासाठी लॉट तपासणं म्हणजे वेळ वाया. साधा सपाट डोक्याचा छर्रा पुरे. दहाच्या आतबाहेर नियमित खेळायला लागला की मग खालची मेहनत करा.

मेहनत अशी. चार-पाच प्रकार गोळा करा: दोन कंपन्या, ४.४९, ४.५० आणि ४.५१ ची डोकी. काही कंपन्या वेगवेगळ्या व्यासांचं नमुना पाकीट विकतात, ते मिळालं तर उत्तम. रायफल क्लॅम्पमध्ये पक्की करा, जबड्यात चामड्याचे तुकडे घाला, आणि क्लॅम्प ज्या टेबलावर आहे ते डुगडुगत नाही ना ते आधी बघा. रायफलीची हवेची टाकी निम्म्याच्या वर भरलेली असू द्या. हे सगळं रेंजवर, मागे नीट अडसर असलेल्या जागी, डोळ्यांवर चष्मा लावून. घराच्या गच्चीवर अजिबात नाही. परवाना लागत नाही म्हणून एअर रायफल खेळणं होत नाही.

प्रकार बदलला की पहिले वीसेक छर्रे मोजायचेच नाहीत. नळीत आधीच्या छर्ऱ्याच्या शिशाचा पातळ थर असतो, नव्याचा बसायला तेवढे लागतात. मग दहाचा एक ग्रुप, सगळ्या प्रकारांचा एकेक. त्यानंतर उलट्या क्रमानं दुसरा ग्रुप. उलटा क्रम यासाठी की दुपार चढते, हॉल तापतो, क्लॅम्प किंचित हलतो. हे सगळं एकाच छर्ऱ्याच्या माथी बसू नये. तीन गोळ्यांच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका. तीन तर योगायोगानेही एका भोकात जातात.

मोजताना व्हर्नियरने बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत अंतर घ्या आणि त्यातून ४.५ वजा करा, म्हणजे केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर मिळतं. कागद भोकाभोवती जरा आकसतो, म्हणून सगळ्या ग्रुपना एकाच गठ्ठ्यातला जाड कागद वापरा. चांगल्या मॅच रायफलीतून मानवलेल्या छर्ऱ्याचा दहाचा ग्रुप बाहेरून साडेसहा-सात मिलिमीटरच्या आत यायला हवा. आठ-नऊ दिसला तर तो छर्रा बाजूला ठेवा, मग त्याची डबी कितीही महाग असो. दोन प्रकारांत फरक दोन-तीन दशांश मिलिमीटरचाच निघाला तर तो फरक धरू नका. जो सहज मिळतो तो घ्या.

मग लॉट. छर्रे ज्या साच्यात दाबतात तो झिजतो, बदलतो, शिशाची भट्टी बदलते. डबीवर नाव तेच, आकडा तोच, पण लॉट बदलला की आतला माल वेगळा समजायचा. निर्माणीत आम्ही लॉट बदलला की तपासणी पहिल्यापासून करायचो, आणि मला वाटतं पोट्ट्यांच्या छर्ऱ्यालाही तोच मान मिळावा. जो लॉट चालला त्याच्या मिळतील तेवढ्या डब्या एकदम उचला. एका डबीत साधारण ५०० असतात, रोज शंभर मारणाऱ्या मुलाला पाच दिवस. दोन-तीन पालकांनी मिळून घेतलं तर परवडतं, फक्त प्रत्येकाच्या रायफलीत तो लॉट चालतो का ते आधी बघून.

वजन करत बसायचं का? इतवारीच्या सराफ्यात असतो तसा मिलिग्रॅमचा छोटा काटा आता सहज मिळतो, आणि काही पालक रात्र रात्र छर्रे तोलतात. वेगात सेकंदाला तीन मीटरचा फरक पडला तर दहा मीटरवर छर्रा साधारण अर्धा मिलिमीटर वरखाली होतो, म्हणून भीती खरी आहे. पण उत्तम मॅच छर्ऱ्यात वजन कंपनीनंच सांभाळलेलं असतं. तो वेळ घागरा बघण्यात घाला: उजेडात धरा, कड वाकलेली, चेपलेली किंवा आत शिशाचा कण चिकटलेला असेल तर तो सरावाला. स्वस्त डबीत मात्र तोलून निवडण्याचा फायदा होतो.

नागपूरचा उन्हाळा छर्ऱ्याला फारसा त्रास देत नाही, कूलर देतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, खोलीत कूलर दिवसरात्र ओली हवा फेकतो, आणि शिशावर पांढरी भुकटी धरते. अशा छर्ऱ्याचा व्यासही बिघडतो आणि भुकटी विषारी असते, तो सरळ बाद करा. डबी कूलरच्या झोतापासून दूर, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. नव्या लाकडाच्या कपाटात ठेवू नका, लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा शिशाला खातात. पावसाळ्यातही हाच नेम. हवेची टाकी मात्र उन्हात उभ्या कारमध्ये कधीच सोडू नका.

छर्रे ओठात धरायची सवय अनेक मुलांना लागते, कारण हात मोकळा राहतो. ती पहिल्या दिवशीच मोडा. शिसं लहान मुलांच्या मेंदूला सर्वात जास्त बाधतं. रेंजवर तर्री पोहे आणले तर ते हॉलच्या बाहेर, आणि साबणाने हात धुतल्यावर.

पुढे जी मुलं ५० मीटरला जातात त्यांच्यासाठी थोडं. तिथे ५.६ मिलिमीटरची, म्हणजे पॉइंट टू टूची रायफल, ४० ग्रेनची शिशाची गोळी, आणि मामला परवान्याचा. काडतुसाशी घरी काहीही खटाटोप करायचा नाही, कारखान्यातलं मॅच काडतूस जसंच्या तसं वापरायचं. निवडताना वेग बघा. मॅचची गोळी सेकंदाला ३२५ ते ३३० मीटरच्या आसपास ठेवतात, कारण २० अंशांना आवाजाचा वेग सुमारे ३४३ मीटर असतो आणि गोळीनं तो ओलांडायचा नसतो. जास्त वेगाची गोळी वाटेत मंदावून पुन्हा त्या वेगाजवळ येते, तेव्हा हवेचे धक्के तिला डळमळवतात. जानेवारीच्या सकाळी आपल्याकडे दहा-बारा अंश असतात, आवाजाचा वेग ३३७-३३८ वर उतरतो आणि गोळीच्या व आवाजाच्या वेगातलं अंतर कमी उरतं. त्यामुळे ५० मीटरचा लॉट थंडीतल्या सकाळीच तपासा. त्या वेळी ग्रुप टिकला तर मे महिन्यात वेगाच्या बाजूने काळजी राहत नाही.

चाललेल्या लॉटच्या शेवटच्या दोन डब्या उरल्या की नव्या लॉटची तपासणी सुरू करा, आणि वहीत रायफलचा नंबर, लॉट, तारीख, तापमान आणि दोन्ही ग्रुपचे आकडे लिहा. वापरलेला कागदही त्याच पानाला टाचा.