विंडोज ७ पासून ११ पर्यंत चालणारं सॉफ्टवेअर करताय? या चुका टाळा

बेळगावात उद्यमबागच्या कारखान्याला नाहीतर निपाणीत तंबाखूच्या वखारीला बिलिंग सॉफ्टवेअर द्यायचं म्हणजे ऑफिसात विंडोज ११ आणि आत वजनकाट्याला जोडलेला पीसी विंडोज ७ चा, हे धरूनच चालायचं. बदला म्हटलं तर मालक म्हणणार, "चाललंय की हो, कशाला बदलायचं?"

सगळ्यात जास्त घोळ होतो तो व्हर्जन नंबर बघून कोड लिहिल्यामुळं. ७ चा आतला नंबर ६.१, ८ चा ६.२, १० चा १०.० आणि ११ चा पण १०.० च! बिल्ड (त्याच्या पुढचा आवृत्तीचा आकडा) २२००० किंवा त्याच्या पुढं असला तर ११ समजायचं. त्यात कुणी हे नंबर स्ट्रिंग म्हणून, म्हणजे आकडे न धरता नुसती अक्षरं म्हणून कम्पेअर केले तर १० हा ६ पेक्षा लहान ठरतो, झालं कल्याण. म्हणून व्हर्जन विचारूच नका, पाहिजे ते फंक्शन तिथं आहे का तेवढं विंडोजच्या फंक्शन शोधणाऱ्या कॉलनं, म्हणजे गेटप्रॉकअ‍ॅड्रेसनं विचारा आणि नसलं तर जुनं वापरा. गेटसिस्टमटाइमप्रिसाइजअ‍ॅजफाइलटाइम (काय ते नाव!) हे नेमकी वेळ सांगणारं फंक्शन विंडोज ८ पासून आलंय, ते थेट लिंक केलं तर ७ वर प्रोग्रॅम सुरूच होत नाही, "एंट्री पॉइंट सापडला नाही" म्हणून बंद, तुमचा एरर पकडणारा ट्राय-कॅच चालायच्या आधीच.

दुसरी तक्रार हमखास येते, अकाउंटंटनं केलेली बिलं मालकाच्या लॉगिनला दिसत नाहीत. डेटा फाइल प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवलेली असणार. व्हिस्टापासून तिथं साध्या युजरला लिहिता येत नाही, आणि जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमला विंडोज गुपचूप त्या युजरच्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरात वेगळी कॉपी करून देतं, एरर नाही काही नाही. डेटा प्रोग्रॅमडेटा या सगळ्या युजरांच्या सामायिक फोल्डरात ठेवा आणि त्या फोल्डरला सगळ्या युजरांची परमिशन इन्स्टॉलरमधूनच द्या.

बिल मराठी-कन्नड दोन्हीत असेल तर फॉन्ट बघा. निर्मला यूआय विंडोज ८ पासूनचा, ७ वर मंगल आणि तुंगा. अक्षरांची रुंदी बदलली की रक्कम खालच्या ओळीत जाते.

पायथॉनवाल्यांनी ७ साठी ३.८ वरच थांबायचं, ३.९ तिथं चालत नाही.

आणि टेस्टिंग स्वतःच्या लॅपटॉपवर नको, त्यात व्हिज्युअल सी++ चं रनटाइम (प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या फाइली) आधीच पडलेलं असतं, गिऱ्हाइकाकडं मात्र त्यातली व्हीसीरनटाइम१४० ही फाइल नाही म्हणून एररचा डबा येतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये (पीसीच्या आत चालणारा दुसरा पीसी) कोरं विंडोज ७ सर्व्हिस पॅक १ टाका, स्नॅपशॉट घेऊन ठेवा म्हणजे परत कोऱ्या स्थितीत जाता येतं आणि प्रत्येक नवीन सेटअप पहिला त्यावर चालवा.