मुंबईत स्वसंरक्षणासाठी छोटं पिस्तूल: बोअर कसा निवडावा

लहान पिस्तुलासाठी बोअर (नळीच्या आतला व्यास) कोणता घ्यावा यावर इंटरनेटवर वाचायला मिळणारं बहुतेक लिखाण अमेरिकेतलं आहे आणि ते ९ मिलिमीटरभोवती फिरतं. आपल्याकडे ९ मिमी हा लष्कर-पोलिसांचा बोअर, म्हणून प्रतिबंधित. सामान्य परवान्यावर तो मिळत नाही. .३८ आणि .४५५ (हे आकडे इंचांतले) यांचीही तीच गत. म्हणजे मुंबईत निवड खरी तीनच गोष्टींत करायची: .३२ पिस्तूल, .३२ रिव्हॉल्वर किंवा .२२.

१. आधी काडतूस ओळखा

‘.३२’ या एका आकड्याखाली दोन वेगळी काडतुसं येतात. पिस्तुलाचं .३२ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल) १८९९ सालचं, त्यालाच ७.६५ ब्राउनिंग म्हणतात. परवान्यावर .३२ आणि स्लाइडवर (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) ७.६५ दिसलं तर घाबरू नका, बोअर तोच. रिव्हॉल्वरचं .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग मात्र लांब आणि रुंद कडेचं असतं. पिस्तुलाचं काडतूस काही रिव्हॉल्वरच्या चेंबरमध्ये (काडतूस बसायची जागा) बसतं, पण बसतं म्हणून झाडू नका. त्याचा दाब जास्त असतो आणि जुनं रिव्हॉल्वर तो सोसेलच असं नाही.

२. ताकदीचा हिशेब एकदाच करा आणि पुढे चला

दारूच्या नेहमीच्या भरणीत .३२ एसीपीची ७१ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सुमारे १७५ जूल ऊर्जा घेऊन निघते, .३२ लाँगची ९८ ग्रेनची साधारण १५० आणि आखूड नळीतून .२२ शंभर-सव्वाशेच्या आसपास. ९ मिमीची ५०० च्या जवळ जाते. .३२ दुबळा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तिन्ही पर्यायांतला आपसातला फरक इतका कमी आहे की त्यावर निर्णय घेऊ नये. हल्ला थांबतो तो गोळी कुठे लागली यावर, आणि दुसरी गोळी तितक्याच नेमकेपणाने किती लवकर जाते यावर. माझ्या मते बोअरची निवड म्हणजे तुमच्या हाताची निवड.

३. हाताची परीक्षा घ्या

परवान्यासाठी शस्त्रप्रशिक्षण घ्यावंच लागतं. तिथेच प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली ही चाचणी करा. ए-फोर कागद अर्धा दुमडून पाच मीटरवर लावा. आपल्या घरांतली अंतरं याहून मोठी नसतातच. आधी सावकाश पाच गोळ्या, मग पाच सेकंदांत पाच, मग एका हाताने पाच. तिन्ही वेळा पाचही गोळ्या कागदात बसल्या तर तो बोअर तुमचा.

.३२ पिस्तुलात लोक स्लाइड ओढताना अडतात. यातली बहुतेक पिस्तुलं ब्लोबॅक पद्धतीची असतात: गोळी सुटताना नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेली नसतात, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगच मागचा धक्का सांभाळतात. म्हणून स्प्रिंग कडक. दोन बोटांच्या चिमटीत ओढू नका. अख्खा तळवा स्लाइडवर वरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने पिस्तूल पुढे ढकला. नळी लक्ष्याकडेच, बोट ट्रिगरबाहेर. तरीही जमत नसेल तर रिव्हॉल्वर पाहा.

रिव्हॉल्वरचं दुखणं वेगळं. डबल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे ट्रिगर दाबूनच घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा खटका) ओढला जातो तेव्हा, ट्रिगर लांब आणि जड असतो. बोट कमजोर असेल तर शेवटच्या क्षणी नळी खाली झुकते. हलकं शस्त्र खांद्याला बरं वाटतं, पण हातात जास्त उडतं. कानपूरचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्वर, २०१४ साली आलेलं, टायटॅनियम मिश्रधातूमुळे साधारण अर्ध्या किलोचं आहे. पर्समध्ये त्याचा भार जाणवत नाही, सराव करताना मात्र मनगटाला जाणवतो.

मनगटात खरंच ताकद नसेल, संधिवात असेल, तर .२२ रिव्हॉल्वर घ्यायला लाजू नका. त्याची एकच मोठी उणीव: पेटवणारा मसाला काडतुसाच्या कडेत भरलेला असतो, तो कधी सगळीकडे सारखा पसरत नाही आणि काडतूस फुसकं निघतं. रिव्हॉल्वरमध्ये ट्रिगर पुन्हा दाबला की पुढचं काडतूस समोर येतं, म्हणून .२२ घ्यायचं तर रिव्हॉल्वरच. सरावात मात्र फुसक्या काडतुसानंतर नळी लक्ष्याकडे ठेवून तीस सेकंद थांबा. ते उशिरा पेटू शकतं.

४. घेण्यापूर्वी तपासा

रिव्हॉल्वर रिकामं आहे याची दोनदा खात्री करा. घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण मागे पोहोचण्याआधी सिलिंडर (चेंबर असलेला फिरता भाग) टक् करून जागेवर बसला पाहिजे. सहाही चेंबरवर हे करा. एकाही ठिकाणी तो उशिरा बसला तर चेंबर आणि नळी एका रेषेत येत नाहीत. झाडताना शिशाचे कण बाजूला उडतात आणि हात-चेहऱ्याला लागतात. असं शस्त्र घेऊ नका. .२२ असेल तर रिकामा ट्रिगर वारंवार दाबू नका, चेंबरची कड चेपते. डमी काडतुसं वापरा.

पिस्तुलात दोष बहुधा मॅगझिनमध्ये (काडतुसं भरायची पेटी) असतो. .३२ एसीपीच्या काडतुसाला बारीकशी कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली तर मॅगझिन अडकतं आणि ते झटकून सुटत नाही. भरताना प्रत्येक काडतूस मागच्या भिंतीला टेकवा. घरी ठेवायची तीच काडतुसं किमान ५० झाडून पाहा. एकदाही अडकलं तर आधी मॅगझिन बदला. मनगट सैल ठेवलं तरी रिकामं टरफल बाहेर पडायच्या खिडकीत उभं अडकतं, तेव्हा दोष शस्त्राला देण्याआधी पकड तपासा.

५. घर आणि हवा

.३२ ची गोल नाकाची गोळी फुलत नाही, आरपार जाते. प्लायचं किंवा जिप्समचं पार्टिशन, फ्लश दरवाजा तिला अडवत नाही, .२२ लाही नाही. आपल्या भिंतीपलीकडे शेजाऱ्याचं पाळणाघर असू शकतं. घरातली कोणती दिशा पक्क्या भिंतीची आहे ते आधी ठरवून ठेवा. कायदाही गरजेपुरत्याच बळाची मुभा देतो. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ अर्ज करण्यापूर्वी वाचा.

जून ते सप्टेंबर शस्त्र चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका. चामडं ओल धरतं, पोलादाला गंज आणि पितळेला हिरवा थर चढतो. तेलाचा हलका हात, सिलिका जेल आणि कुलूपबंद पेटी. काडतुसं वेगळ्या कुलपात. हिरवी पडलेली काडतुसं घासून वापरू नका.

६. मग अर्ज

पोलीस आयुक्तालयाकडे जाणाऱ्या अर्जात शस्त्राचा प्रकार लिहावा लागतो, म्हणून चाचणी आधी. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारणपणे एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे ‘आधी काहीतरी घेऊ, मग बदलू’ हा विचार महागात पडतो. पिस्तूल आणि रिव्हॉल्वर दोन्हींनी चाचणीत कागदावरचा निकाल सारखाच आला असेल तर मी रिव्हॉल्वर लिहायला सांगेन, कारण वर्षभरात फारसा सराव न होणाऱ्या हातात ते कमी अडतं. आणि त्याच बोअरची काडतुसं जवळच्या परवानाधारक विक्रेत्याकडे नियमित येतात का, हे अर्जावर सही करण्यापूर्वी विचारून घ्या.