इंटरमिजिएट झाली? आता पेन घेऊन गंगावेशीत या

चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला 'ए' ग्रेड आली की आईवडील पोराला घेऊन माझ्याकडं येतात. "सर, आता पुढं काय? ऑइल पेंटिंग शिकवाल काय?" ऑइल पळून जात नाही. आधी ए-फाइव्ह आकाराचं साधं स्केचबुक आणि एक बॉलपेन घ्या. पेन्सिल नको. पेन्सिल आली की खोडरबर येतो आणि खोडरबर आला की अर्धा तास एका नाकातच जातो.

ग्रेड परीक्षांनी हात बसतो, हे मान्यच. पण स्मरणचित्रात, म्हणजे आठवणीनं काढायच्या चित्रात, बसथांबा आला की बहुतेकांच्या थांब्यावर तीच माणसं उभी असतात: एका बाजूनं काढलेली, एक हात वर, कडेनं काळी रेघ. ती आठवणीतली नसतात, गाईडातली असतात. पुढं बीएफएच्या, म्हणजे कलेच्या पदवीच्या, प्रवेश परीक्षेलाही (सीईटीला) स्मरणचित्र आहेच, तेव्हा खरी माणसं डोक्यात साठवायला आत्तापासूनच लागा.

कोल्हापुरात असाल तर संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर या. म्हशी बांधलेल्या असतात, समोर धार काढून ग्लास हातात देतात. दूध प्या आणि म्हशीच्या मागच्या बाजूला, लाथ लागणार नाही इतक्या अंतरावर बसा. मागूनच का, तर तिथं हाडं दिसतात. खुब्याची दोन टोकं कातडीखालून वर आलेली असतात. त्या दोन टोकांना जोडणारी रेघ सगळ्यात आधी टाका आणि ती किती तिरकी आहे ते बघा. म्हशीनं मागचा एक पाय ढिला सोडला की त्या बाजूचा खुबा खाली येतो. ही रेघ बरोबर पडली की म्हैस उभी राहते. मग कणा, पोटाचा फुगवटा, पाय, डोकं. शिंगं शेवटी. नवीन पोरं शिंगांपासून सुरू करतात आणि शेपटीला कागद उरत नाही.

म्हैस हलणारच. हलली की रेटून ते चित्र पुरं करू नका, त्याच पानावर शेजारी दुसरं सुरू करा. थोड्या वेळानं ती पुन्हा त्याच पायावर भार टाकते, तेव्हा पहिल्याकडं परत या. सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडवर, माणसांचंही असंच. एसटीची वाट बघणारा घड्याळ, मोबाईल आणि फलाट यांच्याकडंच आळीपाळीनं बघत असतो. मागं गर्दी जमली तर लाजू नका. "माझं काढा की" म्हणणारा एक तरी भेटतोच. त्याला समोर बसवा, फुकटचं मॉडेल मिळालं. बायकांचं, लहान पोरांचं जवळून काढायचं असेल तर मात्र विचारून काढा.

रंगाची पेटी घ्यायच्या आधी टाऊन हॉल म्युझियममध्ये जाऊन आबालाल रहिमान यांची चित्रं बघा. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलेला हा चित्रकार कोल्हापुरात कोटितीर्थ तलावाच्या काठी राहिला आणि तेच पाणी, तीच झाडं रंगवत राहिला. 1931 साली ते गेले. रोज नवी जागा शोधत हिंडणाऱ्यांना मी हेच नाव सांगतो. एकच जागा धरा. सकाळी जा, भर दुपारी जा, पावसात छत्री घेऊन जा.

आता जलरंग. पैसे वाचवायचेच तर रंगात वाचवा, कागदात नाही. ड्रॉइंगचा साधा कार्ट्रिज पेपर पाणी पडलं की फुगतो आणि डबकी साचतात. 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, मोठा ताव घ्या, 22 बाय 30 इंचांचा. त्याचे आठ तुकडे होतात, पाठपोट वापरले तर सोळा चित्रं. ट्यूब पाच पुरे: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, क्रिमसन, लेमन यलो. काळा घेऊच नका. म्हैससुद्धा काळी नसते. पाठीवर आभाळ पडतं तिथं ती निळसर, पोटाखाली तपकिरी. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कमीजास्त मिसळून दोन्ही होतं. गोल ब्रश एकच, दहा नंबरचा. दुकानातच पाण्यात बुडवून झटका. टोक जुळलं तर घ्या, फाटलं तर ठेवून द्या.

रंग लावण्याआधी डोळे किलकिले करून उजेड, मधला आणि गडद असे तीनच भाग काडेपेटीएवढ्या चौकोनात मांडा. हे टाळणाऱ्यांची चित्रं सगळीकडून सारखीच राखाडी होतात. रील्समध्ये हा भाग कापलेला असतो, म्हणून पोरांना वाटतं तो नसतोच. आणि वाळल्यावर जलरंग फिका पडतो, तेव्हा ओला असताना जरा जास्तच गडद वाटू द्या.

चित्र दाखवताना "कसं झालंय?" विचारलंत तर "छान" एवढंच ऐकायला मिळेल. "पहिली नजर कुठं गेली?" असं विचारा. बोट भलत्याच कोपऱ्यावर गेलं तर तिथला गडद-उजेडाचा ठसका कमी करा.

लवकरच एखादी मावशी फोटोवरून आजोबांचं पोर्ट्रेट मागेल. जरूर करा, पण व्हॉट्सॲपवरचा पुसट फोटो घेऊ नका. मूळ फोटो मागा, निम्मे पैसे आधी घ्या आणि फ्रेमचा खर्च कुणाचा ते सुरुवातीलाच बोलून घ्या.