उबुदच्या राजचितेला जाण्याआधी

पहिली तयारी तारखेची, आणि ती तुमच्या हातात नाही. बालीत राजघराण्यातलं कुणी गेलं की दुसऱ्या दिवशी दहन होत नाही. देह महालात ठेवतात, हल्ली औषधं टोचून टिकवतात, आणि पेदांदा, म्हणजे तिथले ब्राह्मण पुरोहित, पंचांग पाहून दिवस काढतात. बालीतल्या उबुद गावच्या राजघराण्याचे प्रमुख चोकोर्दा ग्दे आगुंग सुयासा २००८ च्या मार्चमध्ये गेले आणि त्यांची चिता पेटली १५ जुलैला. तिथलं पावुकोन पंचांग २१० दिवसांचं. त्यात दहनाला वर्ज्य असे दिवस आहेत, आणि गालुंगान ते कुनिंगान या सणांच्या काळात दहन टाळतात. म्हणून ‘बालीला चाललोच आहोत तर राजाचा अंत्यविधीही बघून येऊ’ असा बेत करू नका. तारीख जाहीर होते ती काही आठवडे आधी. ती कळल्यावर निघता येत असेल तर निघा, किंवा तुम्ही तिथे असताना योग जुळून आला तर बाकीचा कार्यक्रम मोडायची तयारी ठेवा. तारीख विचारायची ती उतरलेल्या घरच्या मालकाला. उबुदमध्ये त्याचा स्वतःचा बंजार, म्हणजे वाडीची पंचायत, त्या कामाला जुंपलेला असण्याची शक्यता दांडगी.

कागदपत्रांचं थोडक्यात: भारतीय पासपोर्टवर विमानतळावर उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, ५ लाख इंडोनेशियन रुपिया. त्याशिवाय फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांकडून दीड लाख रुपियांची वेगळी वर्गणी घेतात, ती निघण्यापूर्वी ऑनलाइन भरून टाकावी. घड्याळ अडीच तास पुढे करा. झालं.

आता खरी तयारी, मनाची. आपल्याकडून जाणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हा, की कुणाच्या अंत्यविधीला तमाशा बघितल्यासारखं जायचं का? प्रश्न रास्त आहे. पण पेलेबोन (राजघराण्याच्या दहनाला हे नाव, सामान्यांच्या दहनाला ङाबेन) हा गावाने रस्त्यावर करायचा विधी आहे आणि गर्दी त्यात धरलेलीच असते. रडणं-भेकणं आधी होऊन गेलेलं असतं. त्या दिवशी डोळ्यांतून पाणी काढलं तर जाणाऱ्या जिवाचा पाय अडखळतो अशी तिथली समजूत. त्यामुळे वाजंत्री असते, आरोळ्या असतात, हसणं-खिदळणंही असतं. हे पाहून ‘यांना दुःखच नाही’ असं शेजारच्याला मराठीत सांगू नका. सूर सगळ्यांना कळतो. बायकांनी जावं का, हेही आपल्याकडे विचारलं जातं. खुशाल जावं. आपल्याकडे अनेक घरांत बायका स्मशानात जात नाहीत, तिथे नैवेद्याची तबकं आणि तीर्थाची भांडी डोक्यावर घेऊन मिरवणुकीत चालतात त्या बायकाच.

सोयर-सुतक पाळणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं, बालीचे लोकही पाळतात. दहनाहून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय देवळात जायचं नाही. म्हणून त्याच संध्याकाळी तीर्ता एम्पुल किंवा दुसरं देऊळ ठेवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी सचैल स्नान करून जा. उलट, तुमच्याच घरात नुकतं कुणी गेलं असेल तर यजमानाला तसं आधी सांगा, तो काय करायचं ते सांगेल.

जाण्याआधी तासभर वाचन करा, कारण त्या दिवशी समजावून सांगायला कुणाला सवड नसते. निदान एवढं तरी माहीत हवं की डोळ्यांसमोरून जाणार आहे तो बुरूज म्हणजे बादे. बांबू, लाकूड, रंगीत कागद, कापूस आणि सोनेरी बेगड यांचा. सुयासांचा बादे साडेअठ्ठावीस मीटर उंच होता, नऊ छपरांचा, वजन सुमारे ११ टन. छपरांची संख्या नेहमी विषम, आणि मृताच्या कुळावरून ठरलेली. अकरा सर्वांत वरची. तळाशी बेदावांग नाला हे विश्व पेलणारं कासव आणि त्याला वेढलेले नाग, वर डोंगर-रान, मग देह ठेवायची ओवरी, आणि त्यावर आकाशाचे थर. म्हणजे तिन्ही लोक खांद्यावर घेऊन निघायचं. पाठीमागच्या बाजूला पंख पसरलेला, सुळे काढलेला, डोळे वटारलेला एक राक्षस दिसेल. तो भोमा, पृथ्वीचा पुत्र. आपला भौमासुर, नरकासुर तोच. गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे बांबू-कागदाचा नरकासुर मिरवून जाळतात, आपल्या घरी अभ्यंगानंतर चिरांटं पायाखाली चिरडतात. इथे मात्र तो राखणदार आहे, वाईट शक्तींना भिववायला बसवलेला. गोमंतकीय वाचकाने ही पाठ बघण्यासाठी मुद्दाम मागच्या बाजूला जागा धरावी असं माझं मत आहे. बहुतेक लोक पुढूनच बघून परततात.

देह बादेमधून स्मशानापर्यंत येतो, जळतो मात्र त्यात नाही. त्यासाठी लेम्बू असतो, लाकडाचा पोकळ बैल, काळ्या मखमलीने आणि सोन्याच्या नक्षीने मढवलेला. काही कुळांना बैलाऐवजी सिंह किंवा हत्तीचं तोंड असलेला मासा. आणि मोजक्याच राजकुळांचा मान असलेला नाग बंद, लांबलचक शेपटीचा. जिवाला इहलोकी बांधून ठेवणारा हा नाग, पेदांदा त्याच्यावर बाण सोडून ते बंधन तोडतात. २००८ मध्ये तो होता. दरवेळी असतोच असं नाही.

वाचताना जुन्या काळच्या सतींचा उल्लेख येईलच. १८४७ साली ग्यान्यारच्या राजाच्या दहनात तीन स्त्रिया आगीत उतरल्या, ते एका डॅनिश माणसाने पाहून लिहून ठेवलं आहे. डच अमदानीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ही चाल बंद झाली. परदेशी पाहुणे याबद्दल दबक्या आवाजात यजमानाला छेडतात. आपण ते करू नये. थेऊरला माधवराव पेशव्यांच्या रमाबाईंचं वृंदावन पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट परकी नाही.

शक्य असेल तर चार दिवस आधी उबुदला पोहोचा. हा या यादीतला सर्वांत मोलाचा भाग, आणि बहुतेकांच्या यादीत नसलेला. बादे आणि लेम्बू पुरी सारेन आगुंगच्या, म्हणजे उबुदच्या राजवाड्याच्या आसपास उभे राहत असतात. तेव्हा गर्दी नसते. म्हातारे कारागीर बेगड कातरत बसलेले असतात, पोरं बांबू वाहत असतात, मधूनच चहा-कॉफी फिरते. जवळून बघता येतं, विचारता येतं, फोटो काढता येतात. ही सगळी माणसं मजुरीने आलेली नसतात, बंजारची सेवा म्हणून आलेली असतात. दहनाच्या दिवशी खांदा देणारेही तेच. देहदर्शन आणि आतले विधी मात्र घरच्यांचे. बोलावणं आल्याशिवाय उंबरा ओलांडू नका. बोलावणं आलंच, तर काय घेऊन जायचं ते यजमानालाच विचारा.

कपड्यांचं विचाराल तर कमरेला कामेन (लुंगीसारखं गुंडाळायचं वस्त्र) आणि त्यावर सेलेंदांग हा शेला, एवढं बाईमाणसाला आणि पुरुषाला दोघांना हवं. पुरुषांनी डोक्याला उदेंग बांधला तर उत्तम. वरचं कापड गडद घ्या, तिथे बहुतेक जण काळे सदरे घालतात. आपल्या साडी-सलवारवरही शेला बांधला की चालून जातं, पण बिनबाह्यांचं, आखूड, भडक काही नको. पांढरं पेदांदांचं, म्हणून तेही टाळलेलं बरं. दोन दिवस आधी बाजारात कामेन घेऊन ठेवा. त्या सकाळी महालासमोर ते दुप्पट भावाने विकणारे उभे असतात, आणि कधी ‘तिकीट’ विकणाराही भेटतो. रस्त्यावरून जाणाऱ्या अंत्ययात्रेला तिकीट नसतं.

पायात बंद बूट. चपला मुळीच नकोत. खांदेकऱ्यांचे अंग भाजू नये म्हणून वाटेत नळीने पाणी मारतात, डांबर निसरडं होतं, आणि गर्दी मागे सरकते तेव्हा पहिली चप्पल जाते, मग अंगठा. छत्री नको, मागच्यांना काही दिसत नाही. टोपी चालेल. पाणी माणशी दोन बाटल्या, मीठ-साखरेची पुडी, आणि खाणं घरून. दुपारी त्या पट्ट्यातली बरीच दुकानं बंद असतात. एरवी उबुदमध्ये शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, फक्त भाजीतही तेरासी (कोळंबीचा आंबवलेला गोळा) मिसळलेली असते ती विचारून घ्यावी. त्या दिवशी मात्र विचारत बसायला वेळ नाही, दशम्या किंवा ठेपले पिशवीत असू द्या. धुराचा त्रास असेल तर मास्क आणि इनहेलर वरच्या खिशात.

फोन रात्रीच चार्ज करा आणि रोकड काढून ठेवा. बादे इतका उंच असतो की वाटेतल्या विजेच्या आणि फोनच्या तारा उतरवतात, दिवसाचा बराच भाग वीज नसते. एटीएम, कार्डाचं यंत्र, नेट, कशाचाच भरवसा धरू नका. जालान राया उबुद हा मुख्य रस्ता वाहनांना बंद. टॅक्सी आत येत नाही, आतली बाहेर जात नाही. त्यामुळे चालत पोहोचता येईल अशाच ठिकाणी मुक्काम करा, आणि परतीचं विमान त्याच रात्रीचं ठेवू नका. विमानतळ ३५-४० किलोमीटरच आहे, पण तो भरवसा एरवीच्या दिवसाचा.

आता जागा. महालापासून पुरा दालेम पुरी या देवळाजवळच्या स्मशानापर्यंतचा रस्ता एखाद्या किलोमीटरचा, पण तो कसा पार पडेल हे कुणी सांगू शकत नाही. खांदेकरी सावकाश चालत नाहीत. थांबतात, एकदम ओरडून धावतात, पुन्हा थांबतात. पाळ्यापाळ्यांनी शेकडो गडी लागतात. चौकात बादे तीनदा फिरवतात, जिवाला घरची वाट सापडू नये म्हणून, आणि तेव्हा तो झुकतोही. तुमच्या पाठीमागे भिंत असेल तर तुम्ही चुकीच्या जागी आहात. पाठीमागे गल्ली हवी. काळ्या कपड्यातले, चौकडीचं वस्त्र नेसलेले पेचालांग म्हणजे गावचे रखवालदार. त्यांनी हात दाखवला की वाद न घालता हलायचं. लहान मुलांना आणि गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना महालासमोर नेऊ नका. त्यांना मधल्या टप्प्यावर एखाद्या दुकानाच्या पायरीवर आधीच बसवा. झाडावर, कठड्यावर, छतावर चढायचं नाही. मृताच्या आणि पेदांदांच्या डोक्यापेक्षा उंच बसणं हा तिथे धडधडीत अपमान आहे.

एकच जागा निवडायची असेल तर मी स्मशान सांगेन. मिरवणूक निघायच्या आधीच तिथे जाऊन सावली धरा. महालासमोर फोटो छान येतात, पण खांद्यामागे पन्नास खांदे असतात. इथे दूरवरून बेलेगांजुरच्या, म्हणजे मिरवणुकीच्या वाजंत्रीच्या, झांजा आणि घंटा ऐकू यायला लागतात, मग झाडांच्या वर छपरं हलताना दिसतात. बादे टेकला की उतारावरून देह खाली आणतात, लांब पांढरं कापड धरून नातलग चालतात, लेम्बूची पाठ उघडून देह आत ठेवतात, पेदांदा तीर्थ ओततात, एकामागून एक मडकी. हे संथ चालतं. फोटोसाठी पुढे घुसणारे याच वेळी घुसतात. त्यांच्यात नसा. फ्लॅश बंद, ड्रोन नाहीच, आणि देह हलवताना कॅमेरा खाली. पाठमोरा सेल्फी काढणाऱ्याला तिथले लोक काही बोलत नाहीत, पण म्हणून ते चालतं असं होत नाही.

आग लागली की निम्मी गर्दी पांगते. तुम्ही बसून राहा. पूर्वी नुसती लाकडं असत, हल्ली बऱ्याचदा गॅसचे झोतही लावतात. ते पाहून नाक मुरडू नका, आपल्याकडेही विद्युतदाहिनी आहेच. लेम्बूचं कातडं आधी जातं, मग सांगाडा, शिंगं बराच वेळ उभी राहतात. घरची माणसं बाजूला बसून कॉफी पितात, पोरं खेळतात. अंधार पडेपर्यंत हे चालू शकतं, म्हणून एक टॉर्च घ्या.

त्यानंतर अस्थी गोळा होतात, राखेला माणसाचा आकार देतात, पूजा होते आणि ती समुद्राला न्यायची, उबुदहून बहुधा सानूरच्या किनाऱ्याला. घरच्यांनी ‘चला’ म्हटलं तरच मागे जा. जायचं झालं तर ड्रायव्हरला बंद रस्त्याच्या बाहेर, शेजारच्या पेलियातान गावाच्या बाजूला, गाडी घेऊन थांबायला सकाळीच सांगून ठेवा आणि त्याचे पैसे रोखीने बाजूला काढा. अस्थी सोडल्यावर विधी संपतो असं समजू नका. पुढे काही दिवसांनी वा महिन्यांनी जिवाच्या शुद्धीचा मुकुर हा वेगळा सोहळा असतो. त्याची तारीख यजमान सांगेल, तुमची सुट्टी तोवर उरलेली असेल तर.