व्हेरिएबल आणि फंक्शनला एकच नाव दिलंय? या चुका टाळा

‘इंट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल’ (म्हणजे आकड्याला फंक्शनसारखं कॉल करता येत नाही) हा एरर पायथन शिकताना कधी ना कधी समोर येतोच. तो ज्या ओळीकडे बोट दाखवतो, त्या ओळीत बहुतेक वेळा काहीच चुकलेलं नसतं. चूक वर कुठेतरी, नाव देताना झालेली असते.

समजा, बेरजेसाठी तुम्ही ‘सम = 0’ लिहिलंत. लूप चालला, उत्तर बरोबर आलं. चाळीस ओळी खाली ‘सम(गुण)’ लिहिलंत आणि प्रोग्रॅम तिथेच अडकला. ‘सम’ हे पायथनचं तयार फंक्शन आहे. तुमच्या व्हेरिएबलने ते झाकून टाकलं. झाकलं, पुसलं नाही. म्हणून ‘डेल सम’ लिहिलं की मूळ फंक्शन परत मिळतं. ‘लिस्ट’, ‘मॅक्स’, ‘इनपुट’ या नावांचंही असंच होतं. शंका आली तर अडलेल्या ओळीच्या आधी ‘प्रिंट(टाइप(सम))’ टाका. उत्तर ‘इंट’ आलं की चोर सापडला.

ज्युपिटर नोटबुकमध्ये, म्हणजे जिथे कोड ‘सेल’ नावाच्या तुकड्यांत चालवतात तिथे, मात्र जास्त जपा. चुकीचा सेल काढून टाकला तरी एरर हटत नाही, कारण ते नाव कर्नलच्या (मागे कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेमरीत तसंच बसलेलं असतं. कोड निर्दोष दिसतो आणि माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो. कर्नल रीस्टार्ट करा, सगळे सेल वरून खाली पुन्हा चालवा.

फंक्शनच्या आत ‘सम = सम(गुण)’ लिहिलं तर वेगळाच एरर येतो: अनबाउंड लोकल. आत कुठेही ‘सम’ला किंमत दिली की पायथन त्या पूर्ण फंक्शनभर ते नाव लोकल, म्हणजे फक्त त्या फंक्शनपुरतं धरतो, मग उजवीकडचा ‘सम’ रिकामाच सापडतो.

फाइलचं नावही तपासा. सरावाच्या फाइलला ‘रँडम डॉट पीवाय’ म्हटलंत, तर ‘इम्पोर्ट रँडम’ पायथनच्या तयार मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल उचलतो. पायथन 3.13 पासून एररमध्येच नाव बदलण्याची सूचना मिळते.

जावास्क्रिप्टमध्ये एकाच स्कोपमध्ये (नाव जिथपर्यंत चालतं त्या भागात) ‘लेट टोटल’ आणि ‘फंक्शन टोटल’ लिहिलं तर सिंटॅक्स एरर येतो, म्हणजे चूक लगेच कळते. ‘व्हार’ने किंमत दिली तर ही चूक खपून जाते आणि कॉल करताना ‘टोटल इज नॉट अ फंक्शन’ दिसतं. मॅटलॅब या गणिती कामाच्या भाषेतला प्रकार मला सर्वांत घातक वाटतो: ‘सम’ नावाचा अ‍ॅरे (आकड्यांची यादी) केला की ‘सम(2)’ बेरीज न करता अ‍ॅरेतला दुसरा आकडा देतो. एरर नाही, फक्त चुकीचं उत्तर.

व्हेरिएबलला नाम द्या, फंक्शनला क्रियापद: ‘एकूण_गुण’ आणि ‘बेरीज_करा’. शिवाय बहुतेक एडिटर तयार फंक्शनची नावं वेगळ्या रंगात दाखवतात. व्हेरिएबलचं नाव टाइप करताना रंग बदलला, तर तिथेच थांबून दुसरं नाव घ्या.