घरी जाऊन शुश्रूषा करण्याचं काम: पहिल्या महिन्यात हाताला लावायचं वळण

या कामात नवीन येणाऱ्याला धास्ती असते ती शी-शू काढण्याची. ती किळस लवकर सरते. खरी कसोटी लागते ती पेशंटला उठवताना, भरवताना आणि त्याची कातडी सांभाळताना. या तिन्ही ठिकाणी नुकसान होतं ते बहुतेक वेळा घाईमुळे.

पहिल्या दिवशी कामाला हात लावण्याआधी घरच्यांकडून काही गोष्टी विचारून लिहून घ्या. कोणती बाजू अशक्त आहे? गिळताना ठसका लागतो का? कशाची ॲलर्जी आहे? कानाचं यंत्र, चष्मा, कवळी कुठे ठेवतात? औषधांचं कोण बघतं? अडचण आली तर पहिला फोन कुणाला करायचा? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेशंट स्वतःचं स्वतः काय करू शकतो? ज्यांना चेहरा पुसता येतो त्यांच्या हातात ओला रुमाल द्या आणि थांबा. दहा मिनिटं लागली तरी चालतील. तुम्ही भराभर पुसून दिलंत तर काही आठवड्यांत तेवढीही हालचाल जाते. कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल हेही त्यांनाच विचारा.

आता उठवण्याबद्दल. पलंगावरून व्हीलचेअरवर घेताना खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला, पलंगाला साधारण 30 ते 45 अंशांच्या कोनात लावा. दोन्ही ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा आणि खुर्ची हाताने हलवून बघा. ब्रेक लावलाय असं वाटणं आणि तो लागलेला असणं यात फरक असतो. पेशंटच्या पायात न घसरणारी चप्पल हवी, नुसते मोजे नकोत. मग त्यांना कुशीवर वळवून, पाय खाली सोडून काठावर बसवा आणि एक-दोन मिनिटं तसंच बसू द्या. झोपलेला माणूस एकदम उठला की रक्तदाब खाली येतो. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला किंवा बोलणं तुटक झालं, तर लगेच आडवं करा. सगळं ठीक असेल तर काठाकडे आणखी थोडं सरकवा. पावलं जमिनीवर पूर्ण टेकलेली आणि गुडघ्यांच्या किंचित मागे असू द्या. तुमचा गुडघा त्यांच्या अशक्त गुडघ्याला समोरून टेकवून ठेवा, कारण उभं राहताना तोच दुमडतो. त्यांना पुढे वाकायला सांगा, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल. मागे रेलून बसलेला माणूस कितीही जोर लावला तरी उठत नाही. एक, दोन, तीन म्हणा आणि दोघांनी मिळून उठा. वळताना कंबर पिरगाळू नका, छोटी पावलं टाका. खुर्चीची कड पेशंटच्या पायांना मागून लागली की मगच बसवा.

काखेत हात घालून ओढायचं नाही. अर्धांगवायू झालेल्या बाजूचा खांदा सैल पडलेला असतो, तो अशाने सांध्यातून सरकतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. हात ओढूनही उठवायचं नाही. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा. पेशंटला तुमच्या मानेला मिठी मारू देऊ नका, सगळा भार तुमच्या मणक्यावर येईल. आणि तरीही तोल गेलाच, तर हवेत अडवायचा प्रयत्न करू नका. त्यात दोघंही पडतात. त्यांना अंगाशी धरून, तुमच्या पायावरून घसरवत हळूच जमिनीवर टेकवा, डोकं सांभाळा. पडलेल्या माणसाला लगेच उठवायचं नाही. आधी कुठे दुखतंय ते विचारा. एक पाय आखूड किंवा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला, तर तसंच राहू द्या आणि मदत बोलवा.

कातडीचं म्हणाल तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. रात्रीचं वेळापत्रक नर्स किंवा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पूर्ण कुशीवर टाकलं तर सगळं वजन खुब्याच्या हाडावर येतं. त्याऐवजी पाठीमागे उशी लावून साधारण 30 अंश कलतं ठेवा. दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी आणि पोटऱ्यांखाली एक अशी ठेवा की टाचा अधांतरी राहतील. वर सरकवताना फरफटवू नका. खाली आडवी चादर घालून दोघांनी उचलून सरकवा. फरफटवलं की वरची कातडी चादरीला चिकटून राहते, आतलं मांस मात्र हाडाबरोबर सरकतं, आणि जखमेची सुरुवात तिथून होते.

रोज स्पंजिंग करताना माकडहाड, टाचा, घोटे, खुबे, कोपरं, खांद्याची पाती, डोक्याचा मागचा भाग आणि कानांच्या कडा बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. तो पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर कूस बदलून थोड्या वेळाने परत बघा. पांढरा झालाच नाही, तर बेडसोरची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे असं समजा आणि त्याच दिवशी कळवा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम, गार, टणक किंवा मऊसर लागतंय का ते हाताने चाचपा. अशा जागी मालिश अजिबात नको. गोल भोकाची रिंगही नको, तिच्यामुळे मधल्या भागाचा रक्तपुरवठा कमी होतो.

भरवताना सरळ बसवायचं, हनुवटी किंचित खाली. तुम्हीही त्यांच्या समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसा. उभ्याने भरवलं की ते मान वर करतात आणि घास श्वासनलिकेकडे जातो. अर्धा चमचा द्या, गळा वर-खाली झालेला बघा, मगच पुढचा घास. अशक्त बाजूच्या गालात अन्न साचून राहतं, जेवण झाल्यावर तिथे बघा. पाणी पातळ असतं म्हणूनच काहींना ते घट्ट पदार्थापेक्षा अवघड जातं. दाट करायचं की नाही, किती दाट, हे तज्ज्ञ सांगतील तसंच. पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा, ओलसर झाला तर भरवणं थांबवा आणि कळवा. जेवणानंतर अर्धा तास बसलेलं ठेवा, त्यानंतर डोक्याकडची बाजू खाली घ्या. तासन्‌तास तसंच बसवून ठेवलं तर ते घसरत खाली येतात आणि माकडहाड घासतं.

ठसका लागला आणि जोरात खोकत असतील तर खोकू द्या, पाणी देऊ नका. आवाजच फुटत नसेल, तर पुढे वाकवून पाठीवर दोन पात्यांच्या मध्ये पाच जोरकस थापा, मग पोटाला पाच झटके, असं आलटून पालटून. कुणाला तरी ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगा. हे वाचून जमत नाही, प्रथमोपचाराचा वर्ग जरूर करा.

आंघोळीचं थोडक्यात: पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागलं पाहिजे, कारण मधुमेहात किंवा लकव्यात पेशंटला चटका कळतच नाही. डोळे नाकाकडून कानाकडे पुसा. गुप्तांग शेवटी, वेगळ्या पाण्याने, बायकांचं पुढून मागे. कपडे घालताना अशक्त हात आधी, काढताना तो शेवटी. युरिनची पिशवी नेहमी कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकलेली. मधुमेहाच्या पेशंटची पायाची नखं आपण कापायची नाहीत.

स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाशी वाद घालू नका. समोरून जा, एका वेळी एकच गोष्ट सांगा. आंघोळीला नाही म्हणाले तर अर्ध्या तासाने पुन्हा विचारा.

औषधाची आठवण करायची, डोस बदलायचा नाही. गोळी फोडायची असेल तर आधी विचारा, काही गोळ्या फोडून चालत नाहीत. पेशंटचं एटीएम कार्ड किंवा सही कधीच हातात घेऊ नका, घरच्यांनी आग्रह केला तरी.

आणि लिहा. दिवसभर पेशंटजवळ तुम्हीच असता, त्यामुळे बदल आधी तुमच्याच नजरेला पडतो. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज एकदम बरळायला लागली तर ते वयामुळे म्हणून सोडू नका, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा अंगातलं पाणी कमी होणं हे कारण असू शकतं. तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडला, जीभ जड झाली, तर लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा, आणि शेवटचं ठीक कधी होतं ती वेळ लिहून ठेवा. डॉक्टर तेच पहिलं विचारतील. वहीत ‘नीट जेवले नाहीत’ असं लिहून कुणालाच काही कळत नाही. नोंद अशी हवी: ‘सकाळी 10.15. उजव्या टाचेवर अंगठ्याच्या नखाएवढा लाल डाग, दाबल्यावर पांढरा होत नाही. पाय उशीवर अधांतरी ठेवला. 10.25 ला मुलीला फोनवर सांगितलं. दुपारी 12.15 ला पुन्हा बघितलं, तसाच आहे. नर्सला कळवलं.’